घरगुती साबणात मधाचा उपयोग

महाबळेश्वर व जावळी तालुक्यांच्या डोंगराळ भागांत मधुमक्षिकापालनाचा जोडधंदा करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. तेथे घरगुती साबणाचा विषय निघाला की भगिनींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “त्यात आमचा मध घातला तर चालेल काय?” चालेल. मात्र तो किती, केव्हा व कोणता घालावा हे समजून घेतल्यावाचून या कामास हात घालू नये.

तेल व कॉस्टिक सोड्याचे द्रावण यांचा संयोग होऊन साबण व ग्लिसरीन तयार होते आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. मधाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग शर्करेचा असतो. फलशर्करा व द्राक्षशर्करा यांवर कॉस्टिकची क्रिया होताच त्या तपकिरी पडतात आणि उष्णतेत आणखी भर टाकतात. म्हणून साध्या साबणाची रीत मधाच्या साबणास जशीच्या तशी लागू पडत नाही.

प्रस्तुत लेखकाने हा धडा स्वतःच्या चुकीने घेतला. पहिल्याच प्रात्यक्षिकात त्याने एक किलो तेलास १०० ग्रॅम मध घातला आणि नेहमीच्या सवयीने साचा गोणपाटात गुंडाळून ठेवला. अर्ध्या तासात साबण मध्यभागी फुगला, फुटला आणि उकळत साच्याबाहेर आला. सुदैवाने जवळ मूल नव्हते. मध मात्र एका भगिनीच्या घरचा होता. तो वाया गेला, आणि त्या घरी पुन्हा साबणाचा विषय काढण्यास पुढे बरेच दिवस लागले.

एक किलो तेलास १५ ते २० ग्रॅम मध पुरेसा आहे. पुढील प्रमाण घ्यावे : खोबरेल ६०० ग्रॅम, शेंगदाण्याचे तेल ३०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १५५ ग्रॅम, द्रावणासाठी पाणी २९० ग्रॅम आणि मध कालविण्यासाठी पाणी ३० ग्रॅम. सर्व जिन्नस, पाणीसुद्धा, काट्यावर तोलून घ्यावेत; वाटीच्या मापाने मुळीच घेऊ नयेत. एक तेल काढून दुसरे घालणेही इष्ट नाही, कारण प्रत्येक तेलास कॉस्टिक निराळ्या प्रमाणात लागते. खोबरेलाच्या हिशेबाने करंजेल घातल्यास कॉस्टिक शिल्लक राहून कातडी भाजेल.

काम उघड्या हवेत करावे. हातांत रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा असावा. भांडी स्टेनलेस स्टीलची घ्यावीत; ॲल्युमिनियमचे पातेले कॉस्टिक खाऊन टाकते व त्यातून पेट घेणारा वायू निघतो. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. अंगावर थेंब उडाल्यास पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावे. डोळ्यात गेल्यास त्याचप्रमाणे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. लिंबू किंवा शिरका चोळण्याचा उपाय काही ठिकाणी करतात, तो करू नये.

द्रावण व तेल दोन्ही निववावीत. भांड्यास बाहेरून हात लावता ते जेमतेम कोमट लागावे. हिवाळ्यात खोबरेल गोठते, तेव्हा ते आधी पातळ करून घ्यावे. मग तेलात द्रावणाची बारीक धार सोडीत ढवळीत राहावे. मिश्रण दाटून, पळीने सोडलेल्या ओघळाची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकू लागली की पाण्यात पूर्ण कालविलेला मध घालावा. न कालविता घातलेला मध गोळ्यागोळ्यांनी राहतो आणि पुढे वडीतून तपकिरी पाक पाझरतो. मध घातल्यावर मिश्रण भराभर दाटते, यास्तव साचा आधीच तयार ठेवावा. तो उथळ असावा, त्यावर गोणपाट घालू नये, आणि पहिले दोन तास कोणीतरी लक्ष ठेवावे.

आता मध कोणता घ्यावा? बाटलीत भरण्याजोगा उत्तम मध साबणात घालणे ही उधळपट्टी होय. मधातील सुगंध व पाचक द्रव्ये कॉस्टिकपुढे टिकत नाहीत. शर्करेमुळे फेस वाढतो व वडीस बदामी रंग येतो, एवढाच खरा लाभ. त्यासाठी पोळे दाबून काढलेला, परागकण उतरल्याने विक्रीस न चालणारा मध पुरेसा आहे. तो फसफसलेला मात्र नसावा. मधाच्या साबणाने त्वचारोग बरे होतात असे कोणी सांगू लागल्यास ग्रामसेवकांनी त्यास दुजोरा देऊ नये.

घरापुरता साबण करण्यास अडचण नाही. बचत गटाने विक्रीचा विचार केल्यास अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो व त्याच्या उत्पादनास परवाना लागतो, हे आरंभीच सांगावे.

साच्यातील साबण एक-दोन दिवसांनी मोजे घालून कापावा. वड्या एकमेकींस न चिकटतील अशा बेताने फळीवर सावलीत मांडून चार ते सहा आठवडे वाळवाव्यात. मधाची वडी दमट हवेत लवकर मऊ पडते. पावसाळ्यात केलेल्या साबणास सहा आठवडेही कधी अपुरे पडतात.