दांडग्या घोड्याला कोणता लगाम?



संत याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेविषयी बोलताना घोड्याच्या लगामाचा दाखला येतो. एवढासा लोखंडाचा तुकडा, पण त्याच्या इशाऱ्यावर चारशे-पाचशे किलोचे जनावर वळते. हे घडते कसे? आणि घोडा दांडगा असेल, हाताला आवरत नसेल, तर त्याला कोणता लगाम घालावा? आपली काही मुले घोडेस्वारी शिकतात, आपण सुट्टीत माथेरानला घोडा करतो. म्हणून हा विषय समजून घेऊ.

१. तोंडात काय घडते?

घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये हिरडीची मोकळी जागा असते. लगामाची कडी, जिला घोडेस्वार 'बिट' म्हणतात, तिथे जिभेवरून आडवी बसते. त्या हिरडीखाली लगेच जबड्याचे हाड असते. म्हणून हाताचा प्रत्येक झटका जिभेला, ओठांच्या कोपऱ्यांना आणि त्या हाडाला जाणवतो.

बिटचे मुख्य प्रकार दोन. पहिला 'स्नॅफल'. यात लगामाची वादी कडीच्या दोन्ही टोकांच्या कड्यांना थेट जोडलेली असते. हात जेवढा ओढेल, जवळपास तेवढाच जोर तोंडात पोहोचतो. दुसरा 'कर्ब'. याला दोन्ही बाजूंना खाली दांड्या असतात आणि हनुवटीखाली साखळी असते. हे तरफेसारखे चालते. दांडीचा खालचा भाग वरच्या भागाच्या दुप्पट लांब असेल, तर हाताने लावलेला जोर वरच्या टोकाला सुमारे दुप्पट होतो. कडी जितकी बारीक तितकी ती जास्त रुतते. पण लहान तोंडात फार जाड कडीही जिभेला जागा ठेवत नाही.

२. आधी कारण शोधा

घोडा ओढू लागला की स्वार अधिक कडक बिट मागतो. इथेच बहुधा गफलत होते. घोडा दुखण्यापासून पळणारा प्राणी आहे. तोंड दुखले की तो डोके वर झटकतो, कडी दातांत धरतो किंवा आणखी वेगाने पळतो. मग त्याहून कडक बिट येते आणि दुखणे वाढते.

म्हणून बिट बदलण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. दाढांना धारदार कोपरे आले आहेत का, हे पशुवैद्याला दाखवावे. खोगीर पाठीला लागते का? खुराक जास्त आणि फिरणे कमी असे तर नाही ना? आणि घोडा कशाला घाबरतो?

या चौथ्या प्रश्नाचे उत्तम उदाहरण प्लुटार्कने लिहिलेल्या अलेक्झांडरच्या चरित्रात आहे. ब्युसेफॅलस नावाचा घोडा कोणालाच जवळ येऊ देत नव्हता, म्हणून राजा फिलिपने तो परत न्यायला सांगितले. घोडा स्वतःच्या सावलीला बुजतो, हे कोवळ्या अलेक्झांडरने ओळखले. त्याने त्याचे तोंड सूर्याकडे फिरवले, अंगावरून हात फिरवला, मग वर बसून लगाम हलका धरला. न मारता, तोंडाला हिसका न देता घोडा ताब्यात आला. पुढे हाच घोडा त्याला झेलमच्या काठापर्यंत घेऊन आला. तो मरण पावला तेव्हा, इ.स.पू. ३२६ च्या सुमारास, अलेक्झांडरने त्याच्या नावाने तिथे नगर वसवले.

३. मग बिट निवडा

कारणे दूर करूनही घोडा जोर करत असेल, तर स्वाराच्या जिवाचाही विचार करावाच लागतो. तेव्हा क्रम असा ठेवावा :

• कडी तोंडाच्या मापाची असावी. दोन्ही बाजूंना थोडीशीच मोकळीक असावी.
• आधी साधे, गुळगुळीत स्नॅफल वापरावे. एका सांध्याची कडी टोचत असेल तर मध्ये छोटा तुकडा असलेली दोन सांध्यांची घ्यावी. ती दाब पसरवते.
• नाकावरची पट्टी करकचून आवळू नये. नाकाचे हाड आणि पट्टी यांमध्ये दोन बोटे जावीत.
• कर्ब लागलेच, तर ते शिकलेल्या हातातच द्यावे. नवशिक्याच्या हाती ते हत्यार ठरते.
• घोड्याने ऐकले, की हात त्याच क्षणी सैल करावा. ही सैल झालेली वादीच त्याचा धडा असते.

सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन याने इ.स.पू. चौथ्या शतकात अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. दोन बिट बाळगावेत, एक खरखरीत व एक गुळगुळीत, असे तो सांगतो. पण खरखरीत बिट कायमचे नव्हे. घोड्याने कडी दातांत धरून ठेवू नये एवढे शिकवायचे आणि मग गुळगुळीत बिटवर आणायचे. जबरदस्तीने करवून घेतलेले काम जनावर समजून करत नाही, हेही त्याने मान्य केले आहे. आज मात्र आपण त्याच्याही पुढे जायला हवे. भारतात १९६५ च्या नियमांनुसार ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांना काटेरी बिट वापरण्यास बंदी आहे.

काटे नसले म्हणजे सारे ठीक, असेही नाही. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर २६१ घोड्यांची तोंडे तपासली गेली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २१९ घोड्यांच्या तोंडात, कडी बसते त्या भागात ताज्या जखमा आढळल्या. त्यातल्या बऱ्याच बाहेरून दिसत नव्हत्या. तोंड उघडून पाहिले तेव्हाच त्या कळल्या.

४. आपण काय करू शकतो?

पुढच्या वेळी घोड्यावर बसण्यापूर्वी त्याच्या ओठांचे कोपरे पाहा. तिथे चीर किंवा रक्त असेल तर त्या घोड्यावर बसू नका, आणि मालकाला शांतपणे कारण सांगा. त्याचे पोट त्या घोड्यावर आहे. घोडा दुखावला तर त्याचेही नुकसानच आहे. मुलांना वर बसवताना सांगा, की लगाम तोल सावरायला धरायचा दोर नाही. तोल जातोसा वाटला तर खोगीर धरावे.

बत्तिसाव्या स्तोत्रात घोडा आणि खेचर यांचा उल्लेख आहे : त्यांना समज नाही, म्हणून त्यांना लगाम लागतो. पण लगाम धरणाऱ्याला तर समज दिलेली आहे. घोडा जितका दांडगा, तितकी ती जास्त वापरावी लागते.