भीमथडीचे तट्ट

मुलांनो, देशी घोड्यांच्या जाती सांगा पाहू! मारवाडी, काठेवाडी ही नावे तुम्ही चटकन घ्याल. पण आपल्या राज्यगीतात कोणत्या तट्टाचे नाव आले आहे? भीमथडीच्या.

आता थडी म्हणजे काय, ते सांगा. पावसाळ्यात मुळशीची मुळा दुथडी भरून वाहते, असे आपण म्हणतो. तेव्हा थडी म्हणजे नदीचा काठ. हीच मुळा पुण्यास मुठेला भेटते आणि पुढे दोघी मिळून भीमेस मिळतात. त्या भीमेच्या काठचे हे तट्ट.

अंगाने लहान, पण मोठे काटक! मराठ्यांच्या घोडदळातून त्याने दूरदूरच्या मोहिमा केल्या. पुढे ती घोडदळे मोडली; मग तट्टाला जपले कोणी? धनगरांनी. दिवाळीनंतर मेंढरे घाट उतरून कोकणात जातात, तेव्हा भांडी, अंथरूण, क्वचित नवे जन्मलेले कोकरूही तट्टाच्याच पाठीवर असते. आज देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद झालेली आहे.

धनगर आपल्या या फिरत्या बिऱ्हाडाला 'वाडा' म्हणतात. पुण्याचा शनिवारवाडा दगडाविटांचा. हा वाडा तट्टाच्या पाठीवर मावतो.