बोरॉनचीं उग्र संयुगें

कॅरमच्या फळीवर आपण जी पांढरी भुकटी पसरतों, ती टंकाम्लाची, म्हणजे बोरिक अम्लाची होय. सोनाराच्या मुशींत पडणारा टाकणखारही त्याच कुळांतला. दोन्ही इतके सौम्य कीं, त्यांतील बोरॉन या मूलद्रव्याच्या अंगीं कांहीं उग्रता असेल अशी शंकाही वाचकांस येणार नाहीं. परंतु हाच बोरॉन प्राणवायूची संगत सोडून फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन अथवा आयोडीन यांच्याशीं जोडला गेला म्हणजे त्याचा स्वभाव पालटतो.

१८०८ सालीं फ्रान्समध्यें गे-ल्युसॅक व थेनार हे शास्त्रज्ञ शुद्ध हैड्रोफ्लुओरिक अम्ल मिळविण्याच्या खटपटींत होते. त्यांनीं फ्लुओरस्पार नामक खनिज व वितळवून कांचेसारखें केलेलें टंकाम्ल एकत्र तापविलें, तों निराळाच वायु निघाला. तें अम्ल कांच खातें, हा वायु कांचेस शिवेना. मात्र दमट हवेंत येतांच दाट पांढरा धूर करी. हाच बोरॉन ट्रायफ्लुओराइड. त्याचीं भावंडें ट्रायक्लोराइड व ट्रायब्रोमाइड हीं होत; पहिलें सुमारें १२ अंशांवर व दुसरें सुमारें ९१ अंशांवर उकळतें. ट्रायआयोडाइड घन आहे.

या उग्रतेचें मूळ एकच. बोरॉनच्या बाह्य कवचांत तीन इलेक्ट्रॉन. तीन सोबती जोडले तरी संख्या सहा होते. आठांचें घर पुरें होत नाहीं. म्हणून ज्याच्याजवळ इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी दिसेल त्याच्यावर हीं संयुगें झडप घालतात. अशा द्रव्यांस अमेरिकन शास्त्रज्ञ लुइस यानें १९२३ सालीं अम्लांतच गणलें. गंमत अशी कीं, फ्लुओरीन सर्वांत लोभी, म्हणून त्याचें संयुग सर्वांत भुकेलें असावें असें वाटतें. प्रत्यक्षांत तें या बाबतींत सर्वांत सौम्य, व ब्रोमीनचें त्याहून पुष्कळ तीव्र! फ्लुओरीन आपले कांहीं इलेक्ट्रॉन बोरॉनकडे परत झुकवितो, असें याचें स्पष्टीकरण सामान्यतः देतात.

पाण्याच्या प्राणवायूजवळही मोकळी जोडी असते. ट्रायक्लोराइडास पाणी मिळालें कीं हैड्रोक्लोरिक अम्लाचे लोट उठतात व मागें उरते तीच कॅरमची भुकटी. ट्रायब्रोमाइडाच्या बाटलींत पाणी शिरल्यास तर उष्णतेनें स्फोटासारखा उद्रेक होतो. हवेंतील ओल तेवढीच वैरीण. पावसाळ्यांत कोंकणांत काम करणारानें हें विशेष ध्यानांत धरावें. औषधें तयार करणारे रसायनज्ञ कांहीं कणखर बंध तोडण्यास ट्रायब्रोमाइडच घेतात, तेव्हां भांडीं भट्टींत सुकवितात, आंत कोरडा नत्रवायु भरतात, व सारें काम धूर ओढून नेणाऱ्या कपाटांत, चष्मा व हातमोजे घालून करितात. सांडल्यास कोरडी वाळू टाकतात. ओला फडका लावणें म्हणजे संकटास बोलावणें.

येथें विद्यार्थी विचारतील, अंगावर उडालें तर पाणी लावूं नये काय? अवश्य लावावें, पण थेंबभर नव्हे. थोडें पाणी उष्णता व अम्ल निर्माण करतें. धो धो वाहणारें पाणी तीं दोन्ही वाहून नेतें. दूषित कपडे तत्काळ उतरवावे. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून निदान पंधरा मिनिटें धार सोडावी, व लगोलग डॉक्टरांकडे जावें. धुराचा श्वास लागल्यास, खोकला थांबला तरी डॉक्टरांस दाखवावें, कारण फुप्फुसांवरील परिणाम कित्येकदां कांहीं तासांनीं दिसतो.