पाऊस, पांदण आणि धावणे : पावसाळ्यातील खेळाच्या तासाचा एक पाठ



जुलै लागला की आपल्या वऱ्हाडातल्या बऱ्याच शाळांत खेळाचा तास वर्गातच होतो. मैदानात पाणी साचते, कपडे चिखलाने भरतात आणि घरून निरोप येतो, "सर, पोरांना पावसात पळवू नका, ताप येईल." पालकांची काळजी खरी आहे. पण हीच पोरं शाळा सुटल्यावर पांदणीने, नाल्याच्या काठाने पळतच घरी जातात. तेव्हा त्यांच्यासोबत मोठं कोणीच नसतं. म्हणून पावसात धावायला नुसतं "नाही" म्हणण्यापेक्षा केव्हा धावायचं आणि केव्हा थांबायचं हे शिकवणं जास्त गरजेचं आहे.

ओल्या वाटेचा खेळ

ओढे आणि कुंपणं ओलांडत धावण्यातूनच एक ऑलिंपिक खेळ तयार झाला आहे : स्टीपलचेस. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. पूर्वी ब्रिटनमध्ये एका गावाच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावाच्या मनोऱ्यापर्यंत रानातून शर्यत लागायची, आधी घोड्यांची आणि मग माणसांची. आज हीच शर्यत मैदानावर ३००० मीटरची असते. तिच्यात २८ साधे अडथळे आणि ७ पाण्याचे खड्डे असतात, म्हणजे एकूण ३५ उड्या. ओल्या बुटांनीच शर्यत पुरी करावी लागते.

या खेळात आपल्या महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी रोज कित्येक किलोमीटर चालत, पळत शाळेत जायचा. त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. दोघंही दुष्काळी तालुक्यांतले, आणि नाव काढलं ते पाण्यावरून उडी मारण्याच्या शर्यतीत! मुलांना ही गोष्ट सांगा, त्यांचे डोळे चमकतात.

मोठी माणसंसुद्धा हौसेने पावसाळी डोंगरवाटेला धावतात. साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन भरते. पावसाळ्याच्या दिवसांत हजारो लोक यवतेश्वरचा घाट धावत चढतात आणि परत उतरतात, अंतर सुमारे २१ किलोमीटर. त्याच रस्त्याने पुढे कासचं पठार आहे. तिथे जांभा खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि त्यावर फुलं येतात. वाट सोडून पाय टाकला की फुलं तुडवली जातात. आपण चिखलदऱ्याला सहल नेली तरी नियम हाच : धावायचं ते वाटेवरूनच.

पहिलं वाचन : जमीन

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि बुटाला चिकटते. दहा पावलांतच पाय जड होतो. मुरमाड वाटेत पाणी लवकर झिरपतं, तिथे पाय धरतो. शेवाळलेला दगड आणि शाळेचा ओला सिमेंटचा ओटा सगळ्यांत घसरडे. घसरड्या जागी पावलं लहान टाकायची, नजर तीन-चार पावलं पुढे ठेवायची आणि उतारावर वेग कमी करायचा. चढापेक्षा उतारावर पडण्याची भीती जास्त.

दुसरं वाचन : पाणी

गढूळ पाण्याचा तळ दिसत नाही. खड्डा, काच, काटा, काहीही असू शकतं. नाल्याला पाणी वाहत असेल तर पूल सोडून ओलांडायचा नाही, आणि पुलावरून पाणी जात असेल तर तिथेही थांबायचं. इथे पाऊस नसला तरी वर कुठे पडला असेल तर नाला अचानक फुगतो. पायाला जखम असलेल्या मुलाने साचलेल्या पाण्यात उतरू नये, त्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होऊ शकतो.

तिसरं वाचन : आकाश

वीज चमकल्यावर मनात सेकंद मोजा. आवाज साधारण ३ सेकंदांत १ किलोमीटर जातो. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत जायचं, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेची सूचना देतं. ते पालकांनी मोबाइलमध्ये जरूर ठेवावं.

थांबणं का शिकवायचं?

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. मध्येच गारठवणारा पाऊस, गारा आणि जोराचा वारा सुटला. २१ धावपटू गारठून दगावले, त्यांत नामवंत खेळाडूही होते. ताकद कमी नव्हती, पण ओल्या कपड्यांवर वारा लागला की अंगातली ऊब झपाट्याने जाते. त्या दिवशी सहा जणांचा जीव एका मेंढपाळाने वाचवला. हवा बिघडताच तो गुहेत शिरला होता. तिथे त्याने शेकोटी पेटवली आणि धावपटूंना आत घेतलं. आपल्या गावचा गुराखीही आभाळ बघून वेळेत ढोरं घराकडे वळवतो. हे शहाणपण पुस्तकात कमी आणि माणसांत जास्त सापडतं. एखाद्या जाणत्या गुराख्याला वर्गात बोलवा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.

नुसतं भिजल्याने ताप येत नाही, ताप जंतूंमुळे येतो. पण ओल्या कपड्यांत तासभर बसवलं तर अंग गारठतं. म्हणून कोरडा सदरा आणि टॉवेल दप्तरात असला की पालकांची अर्धी काळजी मिटते.

वर्गात करून पाहा (इयत्ता चौथी-पाचवी)

१. एक बूट किराणा दुकानाच्या काट्यावर मोजा. तोच घालून काळ्या मातीत दहा पावलं चाला आणि परत मोजा. वजनातला फरक वहीत लिहा.

२. तसंच मुरमाड वाटेवर करून तुलना करा.

३. वीज चमकेल तेव्हा वर्गात बसूनच सेकंद मोजा आणि ३ ने भागून अंतर काढा.

४. शाळा ते घर या वाटेचा नकाशा काढा. घसरडी जागा, नाला आणि थांबण्याची पक्की जागा वेगळ्या रंगाने दाखवा. हा नकाशा घरी आई-बाबांना समजावून सांगायचा.

५. रिमझिम पाऊस आहे, वीज नाही, मैदान पाहून घेतलं आहे, अशा दिवशी दहा मिनिटं हळू धावा. शिट्टी वाजली की सगळ्यांनी जागीच थांबायचं.

गुण द्यायचे असतील तर पहिल्या येणाऱ्याला देऊ नका. शिट्टीला लगेच थांबलेल्या आणि मागे राहिलेल्या सोबत्याला हात दिलेल्या मुलाला द्या. रानवाटेवर एकटं असताना त्याला तेच उपयोगी पडणार आहे.

आपल्या शाळेत हा पाठ नक्की घेऊन पाहा.