बिनतारी इंटरनेट व लॅपटॉप : दोष शोधण्याची रीत

शाळेचे बरेचसे लेखी काम आता कागदावरून पडद्यावर गेले आहे. पटावरील विद्यार्थ्यांची माहिती यू-डायस प्लसवर भरावयाची असते. शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर शाळेमार्फतच जावी लागतात. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या मंचावरील पाठ्यसाहित्यही याच मार्गाने मिळते. महाड व पोलादपूर या तालुक्यांतील अनेक वाड्या डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे शाळेत मोबाईलची लहर नीट पोहोचत नाही. म्हणून शिक्षक हे काम पुष्कळदा सायंकाळी घरी येऊन करतात. अशा वेळी, मुदतीच्या अखेरच्या दिवशी लॅपटॉप घरातील वायफायशी जोडला जाईना, तर खोळंबा एकट्या शिक्षकाचा होत नाही. ज्या मुलाचे आवेदनपत्र राहून जाते, त्याची त्या वर्षीची संधी जाते.

यास्तव दोष कोठे आहे हे ओळखण्याची रीत प्रत्येक शिक्षकास अवगत असावी. त्यासाठी यंत्रविद्येचे विशेष ज्ञान लागत नाही, क्रमाने विचार करण्याची सवय मात्र लागते.

मार्गाचे टप्पे

पोलादपुराहून महाबळेश्वरास निघालेली एस.टी. पोहोचली नाही, तर जाणता मनुष्य आधी विचारतो की गाडी स्थानकातून सुटलीच नाही, की आंबेनळी घाटात दरड आली? दोन्ही प्रसंगी परिणाम एकच, परंतु उपाय अगदी निराळे. घाट बंद असता गाडीचे इंजिन उघडून काही साधत नाही.

इंटरनेटच्या मार्गाचेही असेच चार टप्पे आहेत. पहिला, लॅपटॉपपासून घरातील राउटरपर्यंतचा. हा बिनतारी लहरींचा टप्पा होय. दुसरा, राउटरने लॅपटॉपला पत्ता नेमून देण्याचा. तिसरा, राउटरपासून सेवा देणाऱ्या कंपनीपर्यंतचा. हा बहुधा काचतंतूच्या तारेतून जातो. चौथा, तेथून इच्छित संकेतस्थळापर्यंतचा. वायफायचे चिन्ह पूर्ण दिसते, याचा अर्थ केवळ पहिला टप्पा चांगला आहे एवढाच. पुढील वाट मोकळी आहे, असे ते चिन्ह सांगत नाही.

पहिली कसोटी

लॅपटॉपला हात लावण्यापूर्वी घरातील मोबाईल त्याच वायफायला जोडून एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. मात्र तत्पूर्वी मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करावा. तो चालू राहिल्यास मोबाईल गुपचूप दुसऱ्या वाटेने जातो आणि वायफाय ठीक आहे असा खोटा निष्कर्ष निघतो.

मोबाईलवर संकेतस्थळ उघडले, तर राउटर व बाहेरची तार ठीक आहे. दोष लॅपटॉपकडे शोधावा. मोबाईलवरही काही उघडले नाही, तर दोष राउटरमध्ये अथवा त्याच्या पलीकडे आहे. दोन्हींवर इतर सर्व उघडते आणि एकच संकेतस्थळ उघडत नाही, तर दोष त्या संकेतस्थळाचा आहे. मुदतीच्या अखेरीस तेथे गर्दी होतेच. तेव्हा घरातील यंत्रांशी झटापट न करता पहाटे पुन्हा प्रयत्न करावा.

लॅपटॉपमधील दोष

दोष लॅपटॉपकडे आहे असे ठरल्यावर पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. वायफाय बंद तर नाही? कळफलकाच्या वरच्या ओळीत विमानाचे चित्र असलेली कळ अनेक लॅपटॉपांवर असते. ती चुकून दाबली गेल्यास सर्व बिनतारी जोडण्या बंद होतात. घरात लहान मूल असल्यास ही शंका प्रथम घ्यावी.

२. आपल्या वायफायचे नाव यादीत दिसते काय? शेजाऱ्याचे दिसते आणि आपले दिसत नाही, तर राउटर केवळ पाच गिगाहर्ट्‌झच्या लहरी सोडत असेल व जुन्या लॅपटॉपला त्या ओळखता येत नसतील. राउटरवर २.४ गिगाहर्ट्‌झची सेवाही चालू करून घ्यावी.

३. पासवर्ड बरोबर आहे काय? शिक्षकांच्या लॅपटॉपवर मराठी टंकलेखनाची सोय असते आणि ती चालू राहिली की पासवर्ड चुकतो. वायफायच्या पासवर्डात देवनागरी अक्षरे अथवा अंक चालत नाहीत. कळफलक इंग्रजीवर आणावा, मोठ्या लिपीची कळ बंद आहे हे पाहावे आणि पासवर्ड दिसेल असा ठेवून सावकाश लिहावा. राउटरचा पासवर्ड मध्यंतरी बदलला असल्यास लॅपटॉप जुनाच पासवर्ड देत राहतो. अशा वेळी ती जुनी नोंद पुसून नव्याने जोडणी करावी.

४. पत्ता मिळाला आहे काय? जोडणीच्या तपशिलात आयपी पत्ता दिसतो. तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही; लॅपटॉपने नाइलाजाने तो स्वतःच घेतला आहे. दोष दुसऱ्या टप्प्यात आहे असे समजून आधी लॅपटॉपवरील व नंतर राउटरवरील वायफाय बंद करून पुन्हा चालू करावे.

५. दिनांक व वेळ बरोबर आहे काय? उन्हाळ्याच्या सुटीत कपाटात पडून राहिलेल्या जुन्या लॅपटॉपचे घड्याळ पुष्कळदा मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची मुदत तपासतात. दिनांक चुकल्यास ते प्रमाणपत्र खोटे ठरते व पान उघडत नाही. जोडणी उत्तम असूनही काम अडते, त्याचे हे एक कारण होय.

एका वेळी एकच बदल करावा व लगेच परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तर कशामुळे झाले हे कळत नाही. काम बिघडले, तर पूर्वस्थितीही आणता येत नाही.

लहरी आणि भिंती

बिनतारी लहरी भिंतीतून जातात, हे १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखविले होते. तथापि प्रत्येक भिंत लहरींचा काही अंश शोषून घेते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर पाच गिगाहर्ट्‌झच्या लहरीची सुमारे सहा सेंटिमीटर असते. पहिली लहर भिंतींपलीकडे अधिक दूर पोहोचते. दुसरी वेगवान, पण जवळच्याच उपयोगाची. जाड दगडी अथवा चिऱ्याच्या भिंतींच्या घरात माजघरातील राउटरची लहर पडवीपर्यंत येता येता क्षीण होते. लोखंडी कपाट व पत्रा तर तिला परतवूनच लावतात. म्हणून राउटर कपाटामागे न ठेवता उंच व मोकळ्या जागी ठेवावा. शंका आल्यास लॅपटॉप राउटरजवळ नेऊन पाहावा. तेथे जोडणी झाली, तर दोष अंतराचा आहे.

घराबाहेरील दोष

मोबाईलवरही इंटरनेट नसेल, तर राउटरवरील दिवे पाहावेत. ‘एल.ओ.एस.’ हा दिवा लाल झाला असता काचतंतूतून येणारा प्रकाश खंडित झाला आहे असे समजावे. तार कोठे मुडपली आहे काय, एवढे पाहून कंपनीस कळवावे. ती तार स्वतः उपसून तिच्या टोकाकडे पाहू नये. आतील प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, परंतु अपाय करू शकतो. दिवे सर्व ठीक असतील, तर सेवेची मुदत संपली आहे काय हे पाहावे. त्यानंतर राउटरची वीज अर्धा मिनिट बंद करून चालू करावी व दिवे स्थिर होईपर्यंत थांबावे.

या भागात पावसाळा हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. घरातील वायफायला पावसाने फारशी बाधा येत नाही. वीज जाणे, झाड पडून तार तुटणे, हीच खरी कारणे असतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहरात पुराचे पाणी शिरले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. वीज व दूरध्वनी बंद पडल्यामुळे संकटाची वार्ता बाहेर पोहोचण्यासही विलंब झाला. अशा वेळी लॅपटॉपचा दोष शोधणे निरर्थक आहे. त्यातून घ्यावयाचा बोध एवढाच की, पावसाळ्यात कोणतेही काम अखेरच्या दिवसावर ठेवू नये आणि विद्यार्थ्यांची माहिती कागदावरही लिहून ठेवावी. साधी वायफायची अडचण असल्यास मोबाईलचा डेटा लॅपटॉपला देऊन आधी आवेदनपत्रे पाठवावीत, दोषाचा शोध मागाहून घ्यावा.

वर्गातील उपयोग

ही रीत चौथी-पाचवीच्या मुलांस लॅपटॉपाविनाही शिकविता येते. पाच मुले एका रांगेत उभी करावीत. पहिल्याने दुसऱ्यास चिठ्ठी द्यावी, दुसऱ्याने तिसऱ्यास, याप्रमाणे ती पाचव्यापर्यंत जावी. एका मुलास चिठ्ठी दडवून ठेवण्यास आधीच गुप्तपणे सांगावे. इतर मुलांनी रांगेतील एकेकास ‘तुझ्यापर्यंत चिठ्ठी आली का?’ एवढाच प्रश्न विचारून ती कोठे अडली हे शोधावे. मधल्या मुलास प्रथम विचारले असता अर्धी रांग एकदम निर्दोष ठरते, हे चतुर मुलांच्या आपोआप ध्यानात येते. मोबाईलची पहिली कसोटी हीच युक्ती होय.

स्वाध्याय

१. घरातील नळाला पाणी आले नाही, तर दोष टाकीत, वाहिनीत की नळात आहे हे कसे ओळखाल? प्रश्नांचा क्रम लिहा.
२. वायफायचे चिन्ह पूर्ण असूनही पान उघडत नाही. याची तीन कारणे सांगा.
३. एका वेळी एकच बदल का करावा?

दोष प्रत्येक वेळी स्वतःस दुरुस्त करता येईलच असे नाही. पण तो कोठे आहे हे नेमके सांगता आले, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ वाचतो आणि मुलांचे कामही मुदतीत पार पडते.