पुण्यातली मेस आणि उसाचं बिल

मुलाचा पुण्यातला खर्च घरानं किती उचलावा, हा प्रश्न सांगवीसारख्या नीराकाठच्या गावात सहसा कुणी विचारत नाही. लागेल तेवढा द्यायचा, एवढंच धरलेलं असतं. माझं सांगणं या ‘लागेल तेवढा’च्या विरुद्ध आहे. मेस आणि खोलीभाडं दर महिन्याला द्यावं लागतं. आडसाली लागणीचं बिल हाती यायला मात्र दीड वर्ष जातं, तेही सोसायटीची वसुली कापून. मधले महिने निघतात ते पीककर्जावर, पतसंस्थेवर नाहीतर हातउसन्यावर. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर बिनव्याजी पडतं. पण खताचा पैसा मेसला गेला की टनेज घटतं, कर्ज थकतं आणि व्याजाची सवलतही जाते. शिक्षणाचा हा खर्च कॉलेजच्या कुठल्याच पावतीवर दिसत नाही. त्यापेक्षा शैक्षणिक कर्ज बरं. त्यात फीबरोबर वसतिगृह आणि जेवणाचा खर्चही धरता येतो, आणि हप्ते सहसा शिक्षण संपल्यावर सुरू होतात.

मग आकडा ठरवायचा कसा? एक माप सरकारनंच दिलेलं आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला 60,000 रुपये धरले आहेत: भोजन 32,000, निवास 20,000, निर्वाह 8,000. पेठांमधल्या कॉट बेसिसच्या खोलीला हे पुरणार नाहीत, हे मान्य. पण विभागणी कामाची आहे. पहिल्या दोन रकमा घरानं द्याव्यात, तिसरी मुलानं उभी करावी. आता उसाच्या भाषेत बोलू. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये, म्हणजे 60,000 साठी सुमारे 17 टन ऊस. तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते, बेणं-खत-पाणी वेगळं. एकरी 50 टन धरले तरी एका मुलामागे एकराचा तिसरा हिस्सा गेला, आणि हे पीक दरवर्षी निघत नाही. दोन-तीन एकरांच्या घरानं हे गणित प्रवेशाच्या आधी मांडायचं असतं; खोलीचं डिपॉझिट भरल्यावर त्याचा उपयोग नाही.

कमवायला लावलं तर अभ्यास बुडेल, असं म्हणतात. अभियांत्रिकी, फार्मसीला प्रात्यक्षिकंच संध्याकाळपर्यंत चालतात, त्यामुळे यात तथ्य आहे. पण 8,000 रुपये म्हणजे महिन्याला सातशेही नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवली ती याच भागातल्या गरीब पोरांसाठी, आणि पुणे विद्यापीठातही ती योजना आहे. रात्रपाळी करा, असं कुणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप मायेचा: पोटच्या पोराशी हिशेब कसला? खरं तर हिशेब होतोच, फक्त तो मुलीच्या वाट्याला येतो. मुलगा पुण्याला जातो, मुलगी एसटीनं बारामतीला. कायदा नेमका उलटा आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात मुलाच्या पोषणाची बापाची जबाबदारी सज्ञान होईपर्यंतच आहे. स्वतःचं भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीची मात्र त्यापुढेही राहते, आणि निर्वाहात शिक्षणाचा खर्चही येतो. शिवाय 2024 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ आहे. अशा घरात तिला अडवतो तो फक्त राहण्या-जेवण्याचा खर्च. म्हणून रक्कम दोघांना सारखीच असावी. आणि हवा तो अभ्यासक्रम बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात किंवा विद्या प्रतिष्ठानमध्ये मिळत असेल, तर एसटीचा पासही दोघांना सारखाच.

रकमेपेक्षा अवघड असते मुदत. पदवीला तीन-चार वर्षं लागतात, ती संपतात. स्पर्धा परीक्षेला असा शेवट नाही. एमपीएससीची खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादाच 38 आहे, आणि तोवर बाप साठीला टेकतो. त्याला ना पेन्शन, ना पीएफ. माझ्या मते पदवीनंतर घरानं फार तर दोन वर्षं द्यावीत, आणि तसं आधीच सांगावं. तिसऱ्या वर्षी पैसे हवेच असतील, तर ते मुलाच्या वाटणीत धरायचे का, हे सगळ्या बहीणभावांना समोर बसवून तेव्हाच विचारावं.