शहराचे छायाचित्र : दृष्टी आणि दायित्व

मुंबईत छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. १८५४ मध्ये या शहरात ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. त्या काळी अवजड कॅमेरा, तिपाई आणि रसायने यांचा सारा संभार बरोबर न्यावा लागे. आज खिशातील मोबाईल फोनने टिपलेले दृश्य काही क्षणांत समाजमाध्यमांवरून असंख्य लोकांपर्यंत पोहोचते. साधन सुलभ झाले. परंतु दृष्टी आणि दायित्व यांची आवश्यकता मात्र कमी झालेली नाही.

प्रकाशाची दिशा

ओव्हल मैदान हे या अभ्यासाचे उत्तम क्षेत्र होय. मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर यांची व्हिक्टोरियन गॉथिक रांग आहे. पश्चिमेस आर्ट डेको शैलीच्या इमारती आहेत. या वास्तुसमूहाचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सकाळचे ऊन पश्चिमेकडील आर्ट डेको दर्शनी भागांवर पडते, तर मावळतीचे ऊन टॉवरचा दगड उजळून टाकते. एकाच जागी उभे राहून, केवळ वेळ बदलून, दोन्ही शैलींना न्याय देता येतो. भर दुपारी मात्र सज्जांखाली गडद सावल्या पडून बारकावे हरवतात.

रेषा आणि माणसे

उंच इमारतीच्या पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर कलविल्यास उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे कलल्यासारखी भासते. अशा वेळी मैदानात दूरवर मागे जाऊन कॅमेरा सरळ धरावा. अग्रभागी क्रिकेट खेळणारी मुले किंवा एखादे झाड आल्यास टॉवरच्या उंचीची कल्पना येते. शहर म्हणजे केवळ दगडविटा नव्हेत. तथापि, एखाद्या व्यक्तीचे जवळून छायाचित्र घेताना तिची संमती घ्यावी. लहान मुलांचे चेहरे पालकांच्या अनुमतीविना प्रसृत करू नयेत. कोणाच्या हलाखीचे प्रदर्शन मांडणे अनुचितच ठरते.

प्रसारणाची जबाबदारी

छायाचित्रासोबत स्थळ आणि दिनांक लिहिणे ही लहानशी गोष्ट वाटते. पण तिच्या अभावी मोठा अनर्थ संभवतो. तुंबलेल्या रस्त्याचे जुने छायाचित्र पावसाळ्यात दिनांकाविना फिरू लागले, तर नागरिक विनाकारण भयभीत होतात आणि खऱ्या सूचनेवरचा विश्वासही डळमळतो. संदेशसेवेतून पाठविताना छायाचित्रातील मूळ नोंदी पुष्कळदा पुसल्या जातात. म्हणून हा तपशील शब्दांतच द्यावा. राहत्या घराचे नेमके स्थान मात्र उघड करू नये. रंग उजळणे क्षम्य आहे. नसलेली वस्तू घालणे किंवा असलेली काढून टाकणे ही वाचकाची फसवणूक होय. दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या परवानगीने आणि नामनिर्देशासह द्यावे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने छायाचित्रासही संरक्षण दिले आहे.

इमारती बदलतात, काही पडतात. जीर्णोद्धाराच्या वेळी एखादी मोडलेली कमान मूळची कशी होती, हे जुन्या छायाचित्रावरून कळू शकते. स्थळ आणि दिनांकासह प्रामाणिकपणे घेतलेले साधे छायाचित्रही उद्याच्या नागरिकांसाठी शहराचा दस्तऐवज ठरते.